म्हाताऱ्याची भाजी आणि तिची नावे

गटाच्या मागच्या बैठकीत एका जुडीवरून वाद झाला. आणणारी म्हणाली पाथरी, शेजारची म्हणाली हा तर म्हातारा. तिसरीने पानाची दातेरी कड पाहिली, पिवळा धोत्रा ठरवला आणि हातच मागे घेतला. भाजी चुलीवर चढवायची की फेकायची? म्हणून आम्ही नावांच्या मागे लागलो.

म्हाताऱ्याच्या बिया पांढऱ्या केसांवर उडतात, नाव त्यावरूनच पडले असावे. शास्त्रात हा सोंकस, मूळचा भूमध्य समुद्राकडचा. तिकडे ग्रीकांची जुनी कथा आहे. थीसियस नावाचा वीर मॅरेथॉनचा मारका बैल धरायला निघाला आणि वादळात सापडला. हेकाली नावाच्या गरीब म्हातारीने त्याला झोपडीत घेतले. कवी कॅलिमाखसच्या काव्यात तिने त्याला हीच भाजी वाढली, अशी नोंद रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकात केली. वीराच्या कथेत म्हातारीने वाढलेली भाजी कुणी लक्षात ठेवली, याचे आम्हाला फार बरे वाटले. प्लिनी पांढरा आणि काळा असे दोन प्रकारही सांगतो.

इंग्रजीत याला डुकरिणीचा काटा म्हणतात, कुठे सशाचा पाला. न्यूझीलंडचे माओरी लोक पुहा म्हणतात आणि कडू चीक जावा म्हणून देठ चोळून धुतात.

१७५३ साली स्वीडनच्या लिनियसने ‘ओलेरेसियस’, म्हणजे भाजीचा, असे नाव दिले. पण काटेरी जातही त्याने त्यातच घातली. ती वेगळी ठरली १७६९ मध्ये. एवढ्या पंडिताची गल्लत होते, तर आपल्या बैठकीचे काय!

आता खूण. म्हाताऱ्याचे पान पोकळ खोडाला कवटाळते, तिथे त्याला दोन कान असतात. मऊ जातीचे कान टोकदार, काटेरीचे गोल वळलेले. पाथरीची पाने बहुतेक जमिनीलगत पसरतात. या तिघींचा चीक पांढरा, पिवळ्या धोत्र्याचा मात्र पिवळा. धोत्रा विषारी आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि माणसे दगावली. नुसत्या पांढऱ्या चिकावरही जाऊ नका, रुईचाही पांढराच असतो. चीक, कान, खोड, सगळे जुळले तरच खुडा.

आमच्या जुडीचे कान टोकदार निघाले. लसूण घालून भाजी केली. थोडी कडूच लागली.