टॅटूची रेघ फिकी किंवा तुटक का येते? नवं मशीन घेण्याआधी हे तपासा

टॅटू शिकणाऱ्या बहुतेकांची सुरुवातीची तक्रार एकच असते. सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवर रेघ ठसठशीत उमटते, पण खऱ्या माणसाच्या हातावर तीच रेघ कुठे गडद, कुठे फिकी, तर कुठे गायबच. पहिला संशय मशीनवर जातो आणि नवं मशीन ऑर्डर होतं. रेघ मात्र तशीच राहते. कारण दोष बहुतेकदा सुईची खोली, त्वचेचा ताण आणि हाताचा वेग यांत असतो.

शाई नेमकी कुठे बसते?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एपिडर्मिस. त्याच्या पेशी साधारण महिनाभरात झडून नव्या येतात, त्यामुळे तिथेच अडकलेली शाई खपलीबरोबर निघून जाते. टॅटू टिकतो तो त्याखालच्या डर्मिसमध्ये. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की अशी पेशी मेली, की सुटलेले कण दुसरी पेशी गिळते. म्हणून टॅटू वर्षानुवर्षं जागेवर राहतो.

म्हणजे सुई साधारण १ ते २ मिलिमीटरच्या पट्ट्यात पोहोचायला हवी. कमी गेली तर रेघ बरी होताना उडते. जास्त गेली तर शाई आत पसरते आणि रेघेभोवती निळसर, धूसर छटा येते. याला ब्लोआउट म्हणतात. मनगटाच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ, दंडाची त्यापेक्षा जाड. त्यामुळे एकच दाब सगळीकडे चालत नाही. शंका असेल तर थोडं वरच राहा. कमी गेलेली शाई नंतर भरता येते, खोल गेलेली काढायला लेझरच लागतो, तोही समोरच्याच्या खिशातून!

ताण विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ

सिलिकॉन जागचं हलत नाही, त्वचा हलते. ती सैल असेल तर सुई आत जाण्याऐवजी त्वचाच खाली दबते आणि रेघ तुटक येते. रिकाम्या हाताचा अंगठा आणि बोटं एका बाजूला, मशीन धरलेल्या हाताची कड दुसऱ्या बाजूला, असा तीन बाजूंनी ताण द्या. कोपर, बरगड्या, पोट या जागा नवशिक्यांनी सध्या टाळलेल्याच बऱ्या.

‘व्होल्टेज किती ठेवू?’

या प्रश्नाला एक आकडा नाही. यूट्यूबवर कुणी साडेसात सांगतं, कुणी नऊ. पण प्रत्येक मशीनचा स्ट्रोक आणि मोटर वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून उपयोग नाही. त्याऐवजी रेघ नीट पाहा. ती ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसत असेल, तर हात मशीनपेक्षा पुढे पळतोय. त्वचा लाल, ओलसर आणि खरवडल्यासारखी झाली, तर हात रेंगाळतोय किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा जातोय.

कधी कधी कारण याहूनही साधं असतं. शाई संपलेली असते, टोकाशी सुकलेली असते, कार्ट्रिज नीट बसलेलं नसतं किंवा सुई वाकलेली असते. फाइन लाइनच्या क्रेझमुळे अनेक जण सुरुवातीलाच ३ सुयांचा राउंड लायनर घेतात. त्यात हाताची जराशी थरथरही लपत नाही. ५ किंवा ७ चा लायनर नवशिक्याला जास्त सांभाळून घेतो. स्टेन्सिलही १०-१५ मिनिटं पूर्ण वाळू द्या. ते अर्धवट पुसलं गेलं, की पुढची रेघ अंदाजावर जाते.

देवनागरीची वेगळी परीक्षा

आपल्याकडे ‘आई’ किंवा मुलांची नावं कोरून घेणारे भरपूर. लॅटिन अक्षरांत न सापडणारी एक गोष्ट इथे आहे, शिरोरेखा. लांब, सरळ, आडवी रेघ, म्हणजे ताण जरा सैल झाला की लगेच चुगली करणारी. ती बोटांच्या जोरावर ओढू नका. मनगट स्थिर ठेवून हात कोपरापासून सरकवा आणि थांबलात तर आधीच्या रेघेवर किंचित मागून, हलक्या हाताने उतरत सुरुवात करा. अक्षरं फार लहान घेऊ नका. वर्षांनुवर्षं शाई थोडी पसरतेच, आणि मग ‘क’च्या गाठी भरून जातात, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेखेला चिकटतो. सरावासाठी मात्र शिरोरेखेइतकी चांगली रेघ नाही.

रेघ फिकी आली, आता काय?

त्याच बैठकीत फार तर एकदा परत जा. त्वचा सुजली असेल किंवा रक्ताचे ठिपके दिसत असतील तर थांबा. ताजा टॅटू गडद दिसतो, काही दिवसांनी त्यावर दुधाळ पापुद्रा येतो. त्यावरून निकाल लावू नका. टचअप साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, जागा पूर्ण बरी झाल्यावरच करा. तोही नवी, निर्जंतुक सुई उघडून. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो, ‘मित्रच आहे’ म्हणून यात सवलत नाही.

त्या मित्राकडून बऱ्या झालेल्या टॅटूचा फोटो मात्र मागून घ्या. सगळीकडे सारखीच फिकी रेघ असेल तर खोली कमी पडली, अधूनमधून तुटली असेल तर ताण किंवा शाईचा पुरवठा, आणि फक्त वळणांवर उडाली असेल तर तिथे हाताचा कोन बदललाय.