पस्तिशीनंतरची पाटी

साक्षरतेचा इतिहास आपण मुलांच्या आणि तरुणांच्या शाळांवरून लिहितो. म्हाताऱ्या माणसाच्या हाती पाटी कधी आली, आली नसेल तर का, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा आणि त्याला लागून असलेला मुरबाड तालुका समोर ठेवून मी या प्रश्नाचा माग घेतला. त्यातून दिसले ते असे की, उतारवयातील शिक्षणाचा संबंध अक्षरांपेक्षा मनाच्या स्वास्थ्याशी अधिक आहे, आणि आपल्या धोरणांनी नेमका तोच बाजूला ठेवला.

महाराष्ट्रात प्रौढांच्या शिक्षणाची सुरुवात उशिरा झाली नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांना तिथे वर्ग मिळाले. धोंडो केशव कर्वे यांनी तर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ स्थापन केले. या प्रयत्नांत ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न सरकारी मोहिमांबरोबर आला. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेने १४ ते ५० वयाची माणसे डोळ्यांसमोर ठेवली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे सोहळे झाले. पण पुढे वाचायला काही हाती नसल्याने अनेकांची अक्षरे पुसली गेली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा वयाची मर्यादा १५ ते ३५ झाली. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानानेही तीच कायम ठेवली. कारण उघड होते. पैसा आणि शिक्षक कमी, तेव्हा कमावत्या वयाला प्राधान्य. साक्षरता हे उत्पादनाचे साधन मानले की साठीच्या माणसावरचा खर्च वाया वाटू लागतो. २००९ च्या साक्षर भारत योजनेने पंधरा वर्षांपुढील सर्वांना दार उघडले, पण तोवर एक पिढी म्हातारी झाली होती. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढच्या पुरुषांत साक्षर सुमारे ५९ टक्के होते, तर स्त्रियांत अवघे २८ टक्के.

हा हिशेब एका बाईच्या आयुष्यात मांडून पाहावा. २०१६ मध्ये पंचाहत्तर वर्षांची असलेली बाई १९७८ मध्ये सदतीस वर्षांची होती. कार्यक्रम गावात पोचला असता, तरी ती त्याच्या यादीत नव्हती. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली बाई यादीत बसत होती, पण शेत, पाणी आणि लेकरे यांतून तिला वर्गापर्यंत जाऊ कोण देणार होते?

अशाच बायकांसाठी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने तिला साहाय्य दिले. त्याआधी गावात शिवजयंती साजरी झाली होती. आपल्यालाही वाचता आले असते तर, ही खंत त्या वेळी म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवली आणि शाळेचे बीज पडले. साठ ते नव्वदीच्या सुमारे तीस विद्यार्थिनी, गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी-पेन्सिल. वर्ग दुपारचा, घरची कामे उरकल्यानंतरचा. शिकवणारी गावातलीच एक सून आणि विद्यार्थिनींत तिची सासूही. प्रत्येकीने एक झाड लावून जगवायचे, हाही अभ्यासाचाच भाग.

या शाळेचे मोल किती जणी सफाईने वाचू लागल्या यावर ठरवू नये. सही करता येणे ही तिथली मोठी गोष्ट होती. अंगठा उठवताना शाईबरोबर लाजही बोटाला लागते. बँकेत, रेशनवर, सरकारी कागदावर ती लाज जन्मभर भोगलेल्या बाईला आपले नाव आपल्या हाताने लिहिता येणे म्हणजे काय, हे अक्षरओळख लहानपणीच झालेल्या आपल्याला चटकन उमगत नाही. शिवाय दुपारी अमुक वाजता आपली कोणीतरी वाट पाहते, आपण गेलो नाही तर विचारणा होते, ही जाणीव म्हातारपणी दुर्मीळ असते.

उल्हासनगरची कथा वेगळी, पण दुखणे जवळचे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. त्यांच्यातील वडीलधारी माणसे निरक्षर नव्हती. ती अरबी वळणाच्या लिपीत सिंधी वाचत-लिहीत होती. भारतात सिंधीसाठी देवनागरीही मान्य झाली, नातवंडे मराठी, हिंदी, इंग्रजीच्या शाळांत गेली. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना आणि दुकानावरची पाटी आजोबांना. शिकलेला माणूसही गाव आणि लिपी बदलली की नव्याने निरक्षर होतो. उतारवयात शिकण्याची गरज फक्त गरीब खेड्यातच असते, हा समज इथे मोडतो.

आता मनाच्या आणि मेंदूच्या आरोग्याकडे वळू. २०१७-१८ मध्ये झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील सुमारे ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. तिच्याशी जोडलेल्या अभ्यासाने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज दिला. ते स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत जास्त होते. मात्र यावरून ‘साठीत पाटी धरली की विसरभोळेपणा टळतो’ असे म्हणता येणार नाही. लहानपणीचे शिक्षण आणि उतारवयातील शिक्षण यांचे परिणाम सारखे नसतात. अमेरिकेत पासष्टीपुढील २,८३२ जणांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात तर्काचा सराव केलेल्यांना दहा वर्षांनंतरही फायदा दिसला, पण तो मुख्यतः तर्कातच. तेव्हा शाळेला औषध म्हणू नये. एकटेपणा, परावलंबन आणि निरुपयोगी झाल्याची भावना यांवर ती नियमित सोबतीने उपाय करते, इतके म्हटले तरी पुरे.

युरोपात हे सूत्र वेगळ्या वाटेने सापडले. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर व्हेला यांनी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. १९८० च्या दशकारंभी ब्रिटनमध्ये त्याला नवे वळण मिळाले: वेगळा गुरुजी नको, निवृत्तांनीच एकमेकांना शिकवावे. आपल्याकडे अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, बदलापुरात स्थायिक झालेले चाकरमानी यांच्यापाशी सांगण्यासारखे हुन्नर कितीतरी आहेत. बदलापुरात श्याम जोशी यांनी शिक्षकी पेशानंतर उभारलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय हे याच वृत्तीचे उदाहरण. तिथल्या मराठी ग्रंथसंग्रहासाठी अभ्यासक लांबून येतात. निवृत्तीनंतरचे आयुष्य म्हणजे शेष वेळ नव्हे, हे त्याने दाखवले.

बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूने मुरबाडकडे रस्ता जातो. त्याच्या एका टोकाला ग्रंथांनी भरलेले वाचनालय, दुसऱ्या टोकाकडे पहिले अक्षर गिरवणारी आजी. या दोघांना जोडणारी व्यवस्था मात्र नाही. ती फार खर्चाची नाही. दुपारनंतर रिकामा राहणारा शाळेचा एक वर्ग, मोठ्या टाइपातली पुस्तके, परीक्षेचा धाक नसलेला अभ्यासक्रम आणि शिकवायला एखादा निवृत्त शेजारी, एवढ्यावर ती उभी राहते. ग्राम शिक्षण मोहिमेचा धडा लक्षात ठेवून पुढच्या वाचनाची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. वयाची अट आपण कागदावरून काढली आहे. ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न घराघरांतून निघायचा बाकी आहे.