एकतीस रुपयांचा प्रवास

दिवाळीची सुटी जवळ आली की आमच्या घरी फराळाच्या आधी विषय निघतो तो गाडीच्या तिकिटांचा. कोणत्या गाडीने गेले असता चार पैसे वाचतील, रात्रीची गाडी धरली तर मुक्कामाचा खर्च टळेल की नाही, असले हिशेब मांडण्यात शाळामास्तराच्या संसाराचे निम्मे चातुर्य खर्ची पडते. पूर्वी मला याची थोडी लाज वाटे. पुढे एका बॅरिस्टराने मांडलेला असाच हिशेब वाचनात आला आणि लाज पार पळाली.

हे बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन झाले. ते आटोपल्यावर गांधी महिनाभर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले. १९०२ च्या आरंभी राजकोटला जायचे ठरले, तेव्हा त्यांनी आपला बेत सांगितला. वाटेत काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर येथे एकेक दिवस उतरायचे आणि सारा प्रवास तिसऱ्या वर्गाने करायचा. पहिल्या वर्गाचे भाडे त्यांना परवडत नव्हते असे नाही. तिसऱ्या वर्गातल्या उतारूंचे हाल आपल्या अंगावर घेऊन पाहायचे होते. गोखले आधी हसले, पण हेतू कळल्यावर त्यांनी आनंदाने संमती दिली. बारा आण्यांची एक कॅनव्हासची पिशवी विकत आणली. तीत एक लांब लोकरी कोट, धोतर, सदरा आणि टॉवेल. पांघरायला कांबळे, पाण्याला तांब्या. गोखल्यांनी एका डब्यात लाडू आणि पुऱ्या भरून दिल्या. सासरी निघालेल्या लेकीच्या हाती आई देते, तसाच हा डबा!

'येऊ नका' म्हटले तरी गोखले स्टेशनवर आलेच. पहिल्या वर्गाने जाणार असता तर आलो नसतो, आता मात्र येणे भाग होते, असे त्यांचे म्हणणे. सोबत रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय होते. गोखल्यांच्या डोक्यावर रेशमी पागोटे. त्यांना फलाटावर जाताना कोणी हटकले नाही. राय बंगाली पोशाखात होते. त्यांना तिकीट-कलेक्टराने अडवले. 'हे माझे स्नेही आहेत' असे गोखल्यांनी सांगितल्यावर त्यांची सुटका झाली. एवढ्या विद्वानाची ही गत, तर गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या कुणब्याला कोण विचारतो!

गांधींनी होता होईल तो मेल टाळून साध्या गाड्या धरल्या, कारण मेलला गर्दी अधिक आणि भाडेही अधिक. मुक्कामाला धर्मशाळा, नाही तर पंड्याचे घर. गाडीभाडे धरून कलकत्ता ते राजकोट या साऱ्या प्रवासाला एकतीस रुपयांहून जास्त लागले नाहीत. आत्मकथेत हा आकडा त्यांनी टिपून ठेवला आहे. मला तो पुष्कळ व्याख्यानांपेक्षा बोलका वाटतो.

त्या आकड्याची दुसरी बाजू मात्र कडू आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, तेव्हा इथली गरीब माणसे गाडीत बसतील की नाही याची पुष्कळांना शंका होती. माणसे बसली, आणि इतकी बसली की उतारूंपासून होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा याच वर्गाकडून येऊ लागला. पण ज्याच्या पैशाने तिजोरी भरे, त्यालाच बसायला नीट जागा नसे. डब्यांत शौचकूप नव्हते अशी कित्येक वर्षे गेली. जत्रांच्या दिवसांत तर यात्रेकरूंना मालाच्या डब्यांत कोंबीत.

पंधरा वर्षांनी, सप्टेंबर १९१७ मध्ये, गांधींनी मुंबईहून मद्रासचे तिकीट काढले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. पहिल्या वर्गाला याच्या पाचपट पडे, पण सुखसोयींतले अंतर पाचपटीत मावणारे नव्हते. डब्यावर बावीस माणसांची पाटी. रायचूरच्या पुढे माणसे झाली पस्तीस. साऱ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही, आणि टाकीत पाणी नव्हते. मात्र उतारूंनाही त्यांनी सोडले नाही. जिथे बसायचे तिथेच थुंकणाऱ्या आपल्या बांधवांना त्यांनी खडे बोल सुनावले आहेत. हे सांगायला आपल्याला जड जाते, म्हणूनच सांगतो.

तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला. नाव दुसऱ्याचे झाले, फळ्या लाकडीच राहिल्या. १९७७ साली राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, आणि दंडवत्यांच्याच कारकिर्दीत दुसऱ्या वर्गातल्या झोपायच्या फळ्यांवर दोन इंचांची गादी चढू लागली.

आमचे वडील सांगत, ती गादी पहिल्यांदा पाहिली त्या रात्री ते बराच वेळ आडवेच झाले नाहीत. हाताने दाबून पाहत बसले. शेवटी आई म्हणाली, "अहो, निजा आता. तिकिटाचे पैसे दिलेत ना?"