‘तां’

‘वाचा बसली’, ‘वाचा गेली’ असे आपण सहज म्हणतो. वाचा ही एकसंध वस्तू आहे, ती एक तर असते किंवा नसते, असे ह्या वाक्प्रचारांत गृहीत आहे. मेंदूच्या अभ्यासात ह्या समजुतीला मोठा तडा गेला तो १८६१ साली, पॅरिसलगतच्या बिसेत्र रुग्णालयात.

११ एप्रिल रोजी शल्यविशारद पॉल ब्रोका ह्यांच्यापुढे एक्कावन्न वर्षांचा एक रुग्ण आणला गेला. त्याचा उजवा पाय सडत चालला होता. पण ब्रोकांचे कुतूहल जागे झाले ते वेगळ्याच कारणाने. तिशीत बोलणे गमावलेला हा माणूस एकवीस वर्षे तिथेच राहत होता आणि कोणत्याही प्रश्नाला ‘तां, तां’ एवढेच उत्तर देत होता. रुग्णालयात त्याचे नावच ‘तां’ पडले होते. मात्र विचारलेले त्याला बरेचसे कळत असे. ‘इथे किती वर्षे आहात?’ ह्या प्रश्नावर त्याने डाव्या हाताचा पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट दाखवले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा विचारताच आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो संतापला आणि देवाच्या नावाने स्पष्ट शब्दांत शिवी हासडली!

१७ एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र संस्थेपुढे ठेवला. मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध असतात. स्नायूंना आज्ञा नेणारे बहुतेक तंतू मज्जारज्जूत उतरण्याआधी बाजू बदलतात, म्हणून डाव्या गोलार्धाची इजा उजव्या अंगाला भोवते. ‘तां’चे उजवे हातपाय लुळे होते, आणि डाव्या गोलार्धात, कपाळामागच्या भागात, कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी आढळली. वाचेचे स्थान कपाळामागे असावे असे बुयो १८२५पासून सांगत होते. त्याला आता ठोस आधार मिळाला. त्याच वर्षी लेलोंग नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा रुग्ण आला. त्याच्यापाशी पाचच शब्द उरले होते. कोणताही आकडा तो ‘तीन’ म्हणून सांगे, बोटे मात्र बरोबर दाखवी! आपण डाव्या गोलार्धाने बोलतो, असे ब्रोकांनी ठामपणे मांडले ते १८६५ साली. पुढे १८७४मध्ये वेर्निके ह्यांनी उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले: बोलणे अस्खलित, पण अर्थाचा पत्ता नाही. त्यांची इजा मागे, कानशिलाच्या भागात होती.

परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी ह्या आपल्या परंपरेतल्या चार वाणींची इथे आठवण होणे साहजिक आहे. ‘तां’ची वैखरी गेली, मध्यमा उरली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा; ती विभागणी शरीररचनेची नव्हे. शिवाय शिवीचे काय करायचे? तीही वैखरीच. ह्यूलिंग्स जॅक्सन ह्या इंग्रज वैद्याने ह्यातून भेद काढला तो असा: भावनेच्या भरात आपसूक सुटणारे उद्गार वेगळे आणि काही सांगण्यासाठी जुळवलेले वाक्य वेगळे; आजारात दुसरे जाते, पहिले पुष्कळदा टिकते. भाषेच्या विद्यार्थ्याला ह्या साऱ्या प्रकरणातले हेच निरीक्षण मोलाचे वाटावे.

ब्रोकांनी तो मेंदू चिरला नाही, अखंड जपला. म्हणूनच २००७ साली त्याचे एमआरआय चित्रण होऊ शकले. इजा पृष्ठभागापुरती नव्हती, आतल्या जोडतंतूंपर्यंत खोल गेली होती, असे त्यात दिसले. एका ठिकाणाला वाचेचे घर म्हणणे अपुरे ठरले ते असे.

मेंदूच्या त्या भागाला ब्रोकांचे नाव मिळाले. रुग्ण मात्र पाठ्यपुस्तकांत दीडशे वर्षे एका अक्षरावर राहिला. ब्रोकांनी आपल्या वृत्तांतात त्याचे आडनाव दिले होते, पण त्यापलीकडे शोधण्याची कुणाला गरज भासली नाही. २०१३ साली चेझारी दोमान्स्की ह्या पोलिश संशोधकाने जुनी दप्तरे धुंडाळून त्याचे चरित्र जुळवले. लुई व्हिक्टर लबोर्न. जन्म मोरे गावचा, वडील प्राथमिक शिक्षक, स्वतः लाकडी कलबूत करणारा कारागीर. मोरे येथे कातडी कमावण्यासाठी झाडांची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या आणि त्या सालीला फ्रेंचमध्ये ‘तां’च म्हणतात. ते अक्षर बालपणातून आले असावे, असा तर्क दोमान्स्की करतात. तो खरा असावा असे फार वाटते; पुरावा मात्र नाही.