श्वासाला जागा

संगीत दिग्दर्शक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चाल बांधणारा माणूस येतो. अमेरिकेत पॉप गायकांच्या दौऱ्यांवर मात्र याच नावाचं एक निराळं काम असतं. चाल दुसऱ्या कुणाची, आवाज गायिकेचा. वादक निवडायचे, गाण्यांचा क्रम लावायचा, तालमी घ्यायच्या, हे काम याचं. गावोगावी गाऊन गळा थकला, तर पट्टी थोडी उतरवायची का, हेही त्यालाच बघावं लागतं.

रिकी मायनर हा असाच एक संगीत दिग्दर्शक. जन्म १९५९ चा, लुइझियाना राज्यातला. व्हिटनी ह्यूस्टनच्या साथीला बास गिटार वाजवता वाजवता तो तिच्या कार्यक्रमांचा संगीत दिग्दर्शक झाला.

२७ जानेवारी १९९१ ला टँपा शहरात सुपर बोल होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना. दहाच दिवसांपूर्वी आखाती युद्ध सुरू झालं होतं. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा आघाडीवर होता. अशा वेळी व्हिटनीला राष्ट्रगीत गायचं होतं.

ते गीत गायला अवघड. चाल मूळची अठराव्या शतकातल्या लंडनच्या एका क्लबची. गळा जवळजवळ दीड सप्तक फिरवावा लागतो. ठेका तीन मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या वळणाचा. मार्विन गेने १९८३ साली बास्केटबॉलच्या सामन्याआधी तेच गीत संथ लयीत गायलं होतं, ते व्हिटनीच्या मनात भरलं होतं. मायनरने जॉन क्लेटन या जॅझ संगीतकाराची मदत घेतली आणि तीन मात्रांच्या चार झाल्या. मात्रा एकच वाढली. पण तेवढ्याने गायिकेला श्वास घ्यायला, सूर लांबवायला जागा मिळाली.

त्या दिवशी लोकांनी ऐकला तो आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज. त्यावरून पुढे टीकाही झाली. पण उघडं मैदान, हजारोंचा गलका. अशा ठिकाणी गाणाऱ्याला स्वतःचाच सूर ऐकू येत नाही. आवाज तिचाच होता. तो ऐन वेळी दगा देऊ नये, एवढीच ही तजवीज.

ते राष्ट्रगीत बाजारात आलं आणि भरपूर खपलं. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर पुन्हा काढलं, तेव्हाही लोकांनी उचलून धरलं. मायनर पुढे आपल्या इंडियन आयडॉलसारख्याच अमेरिकन आयडॉलचा संगीत दिग्दर्शक झाला. व्हिटनी २०१२ साली गेली. तिचं ते गाणं आजही लोक काढून ऐकतात. चौथी मात्रा कुणी घातली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

म्हणून सांगते, यंदा जत्रेत ऑर्केस्ट्रा आला, की गाणारीला टाळ्या द्याच. पण गाणं सुरू होण्याआधी ती मान वळवून कुणाकडे बघते, तेही जरा पाहा.