नाणेघाटातील नागनिका : हरवलेल्या व्यक्तिप्रतिमेचे स्त्रीवादी पुनर्वाचन

प्रस्तावना :
ऐतिहासिक व्यक्तिप्रतिमा म्हणजे केवळ चेहऱ्याचे अनुकरण नव्हे. कोणाचे स्मरण करावयाचे आणि कोणत्या नात्याने करावयाचे, हा निर्णयही तीत असतो. समकालीन स्त्री-कलावंतांनी या निर्णयाची फेरतपासणी केली आहे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्याचा विचार केला आहे.

प्रतिमा आणि लेख :
जुन्नर व कोकण यांना जोडणाऱ्या या घाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. ब्राह्मी लिपीतील नावे मात्र उरली. त्यांत राणी नागनिका व राजा सातकर्णी यांचा उल्लेख एकत्र असून राणीचे नाव आधी येते. भिंतींवरील प्राकृत लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि गायी, हत्ती, घोडे, कार्षापण यांची दक्षिणा नोंदली आहे. त्याच लेखात ती महारठीची कन्या, राजपुत्रांची माता व मासोपवास करणारी व्रतस्थ स्त्री म्हणूनही येते.

लेख खंडित असल्याने यज्ञांचे कर्तृत्व कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. स्त्रीला वैदिक यज्ञाचा अधिकार नाही, या धर्मशास्त्रीय गृहीतकाच्या आधारे काही अभ्यासकांनी ते पतीकडे दिले. यज्ञ सातकर्णीने केले असणे शक्य आहे. परंतु तो निष्कर्ष लेखाच्या वाचनातून निघावयास हवा.

समकालीन कलेचा दाखला :
पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासमवेत २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालेत राजा रविवर्मा यांच्या चित्रांतील स्त्रियांची रूपे स्वतः धारण केली. त्यामुळे दागिने, पडदा, उभे राहण्याची ढब ही सारी 'आदर्श स्त्री'ची मांडणी उघडी पडते. रविवर्मा यांचा छापखाना पुढे पुणे जिल्ह्यातील मळवलीस आला होता. अशा छापील चित्रांनीच घरोघरी स्त्रीरूपाचा साचा रुजविला.

निष्कर्ष :
याच तालुक्यात शिवनेरीवरील शिवकुंजात जिजाबाईंची प्रतिमा बाल शिवाजींसह आहे. तेथे मातृत्व हीच त्यांची प्रथम ओळख ठरते. नागनिकेचे नवे चित्र रंगवितानाही हाच साचा वापरला जाण्याचा धोका आहे. तिचा चेहरा आपणांस ठाऊक नाही. म्हणून कल्पित सौंदर्याने ती जागा भरण्यापूर्वी तिचे कोरलेले नाव आणि त्यापुढील दानांची नोंद विद्यार्थ्यांसमवेत वाचणे, हेच इतिहासाच्या अध्यापकाचे पहिले काम होय.