किलीफिश

नाव ऐकून हा मासा जीवघेणा वाटतो, पण इंग्रजीतल्या मारण्याशी या ‘किल’चा काही संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा, पाण्याची चिंचोळी वाट. सतराव्या शतकात हडसन आणि डेलावेअर नद्यांच्या काठी डच वसाहती झाल्या, तेव्हा हा शब्द तिथल्या भूगोलात रुजला. कॅट्सकिल, स्कूलकिल ही नावं त्यातलीच. ओहोळांतला बारका मासा, म्हणून किलीफिश.

आफ्रिकेतल्या नोथोब्रँकियस या किलीफिशला मात्र हे नाव अपुरं पडतं. तो राहतो पावसाळी डबक्यांत. डबकं आटलं की मासे मरतात. अंडी चिखलात वाढ थांबवून पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. छंदी मंडळी ही अंडी ओलसर पीटमध्ये, पिशवीत बांधून ठेवतात. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पाणी घातलं की पिल्लं निघतात. माशांच्या छंदात याहून विलक्षण काही मी पाहिलेलं नाही.

आपल्या पश्चिम घाटातला पट्टेरी अप्लोकायलस लिनिएटस याच गोतावळ्यातला. ओढ्यांत, भातखाचरांत पृष्ठभागालगत राहून तो डासांच्या अळ्या टिपतो, अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो. पाळायचा तर टाकीला झाकण हवंच, कारण तो उडी मारतो. आणि त्याच्या तोंडात मावेल असा मासा सोबत ठेवू नये.